पाकटाभोवतीचा गडगा

अंदाजपत्रकाच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : ‘सिमेंट काँक्रीटचे हत्ती, नग 2’. त्याखाली पेव्हर ब्लॉक, लॉन, स्टीलचं रेलिंग, बारा बाकं आणि एक सेल्फी पॉइंट. वर मथळा ‘शिल्प उद्यान विकसित करणे’. मी ते पान सरपंचांपुढे धरलं. ते म्हणाले, “भाऊ, पैसे येतायत तर हत्ती घ्या की. आपल्याला कुठे पोसायचेत!”

मी एसटीत 27 वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर राजापूर तालुक्यात गावी येऊन राहिलो. गावाचं नाव इथे देत नाही, कारण आमच्या सड्यावर एका वेळी दहा-बारा माणसांच्या वर झेपत नाहीत. वर सडा आहे, म्हणजे उघडा जांभ्याचा कातळ. त्या कातळावर एक पाकट, म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा, कोरलेलं आहे. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत माझी अकरा पावलं भरतात. शेजारी माणसाचे कमरेखालचे दोन पाय आणि एक चौकोन, आत नुसत्या आडव्यातिडव्या रेघा. लहानपणी आम्ही गुरं घेऊन जायचो तेव्हा त्याला पांडवांची रांगोळी म्हणायचो आणि पाकटाच्या पोटात बसून भाकरी खायचो.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्याबरोबरची माणसं गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारून अशी कातळशिल्पं शोधतात, हे मी पेपरात वाचायचो. पण आपली रांगोळी त्यातलीच, हे डोक्यात शिरायला 2022 उजाडलं. त्या वर्षी कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं, आणि एक गोव्यातलं. मी मुद्दाम कशेळीला जाऊन आलो. तिथला हत्ती जवळजवळ 18 मीटरचा आणि त्याच्या अंगाच्या रेषेत कितीतरी प्राणी, मासे भरलेले. परतताना एसटीत बसल्या बसल्या आमचं पाकट आठवलं. ते त्या यादीत नाही. नाही तेच बरं, असं आता वाटतं.

तेव्हा मात्र घाई होती. माझ्या चुलत भावाने सड्याचा तो तुकडा चिरेखाणीला द्यायचं तोंडी ठरवलं होतं आणि 50 हजार विसारही घेतला होता. चिरेखाण ज्याने जवळून पाहिली आहे त्याला सांगायला नको. मशीन एकदा फिरलं की वरचा कठीण थर जातो, सगळीकडे लाल धुरळा बसतो आणि दोन पावसाळ्यांनी तिथे नुसता पाण्याचा खड्डा उरतो. भावाला मी बोललो नाही असं नाही. त्याने एकच विचारलं, “चिऱ्याला भाव आहे. खोबणीला कोण विचारतो?” त्याच्या मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती. त्यामुळे त्याला खलनायक करून ही गोष्ट सांगणं मला जमणार नाही.

सातबारा काढला. क्षेत्र सव्वादोन एकर, नावं 19, त्यातली पाच माणसं वारलेली आणि वारस नोंद एकाचीच. तिकीट मशीन बिघडलं तर डेपोत बदलून मिळायचं, सातबाऱ्याला ती सोय नाही. मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, मग फेरफार, मग हरकतीची 15 दिवसांची नोटीस. या सगळ्यात आठ महिने गेले. त्यांत सांगण्यासारखं एवढंच की एका काकांच्या दाखल्यावर नाव चुकलं होतं आणि ते दुरुस्त करायला मी चार वेळा वसईला गेलो.

खरं काम झालं गणपतीत. चाकरमानी गावात असतात ते तेवढेच सहा-सात दिवस. आरती झाली, प्रसाद वाटला की मी कागद घेऊन पडवीत हजर. भांडुपच्या काकी म्हणाल्या, “सही करीन हो, पण आधी सांग, माझ्या वाट्याच्या कलमांचे आंबे कोणी विकलीन?” तो हिशेब 2014 पासूनचा होता. रात्री दीड वाजेपर्यंत बसून आम्ही तो लावला आणि मग काकींनी सही केली. दुसऱ्या घरी तर पाकटाचा विषयच निघाला नाही. बांधावरचा फणस कोणाचा, एवढंच ठरलं आणि सही मिळाली. संमतीपत्र शंभराच्या स्टॅम्पपेपरवर होतं. जमीन कोणीही कोणाला देत नाही, मालकी आहे तशीच, फक्त दहा वर्षं तिथे खाण नाही, बांधकाम नाही, गुरं चरतील. ‘दान’ हा शब्द वकिलांनी आधी घातला होता. तो काढला तेव्हाच तिघांनी पेन हातात घेतलं.

विसाराचे पैसे परत करायला वाडीने आणि मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढली. खाणवाल्याने कुरकुर न करता पैसे घेतले. त्याला दुसरा सडा मिळाला, हे मला नंतर कळलं.

एवढं झाल्यावर कोणीतरी एका योजनेत आमचा अर्ज घातला आणि ते अंदाजपत्रक आलं. ग्रामसभा चांगली तीन तास चालली. तरुण पोरांना लॉन हवं होतं, बचत गटाला शेड. मी म्हटलं, जिथे हजारो वर्षांचं शिल्प आहे तिथे सिमेंटचा हत्ती म्हणजे देवाच्या मूर्तीशेजारी प्लॅस्टिकचा देव. या वाक्याने कोणावरही काही परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो मागच्या रांगेतल्या आजींच्या प्रश्नाचा : लॉनला एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार? गावाला एप्रिलमध्ये टँकर येतो. योजना नको असा ठराव झाला, आणि शिल्पाभोवती गडगा घालायचा असंही ठरलं. उक्षीला हत्तीभोवती गोल कठडा आहे. तो पाहून आलेली आमची पोरं तयारच होती.

इथून पुढची चूक माझी.

गडगा म्हणजे सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून घातलेली भिंत. आमच्याकडे ती नीट रचणारे आता दोनच म्हातारे उरलेत. त्यातल्या एकांना बोलावलं. मी हट्टाने सांगितलं की अडीच फूट उंच हवा, सलग हवा, गुरांना आत शिरायला फट नको. दगड सड्यावरचेच उचलले. पहिल्याच दिवशी एका दगडाखालून फुरसं निघालं. आमच्या भागात ते नवीन नाही, पण दुपारपर्यंत तीन निघाली. रत्नागिरीत वनस्पतीशास्त्र शिकणारी आमच्या वाडीतली एक मुलगी सुट्टीत आली होती. ती म्हणाली, “काका, तुम्ही त्यांची घरं उचलताय. हेच दगड उन्हाळ्यात बेडकांनापण लागतात.” मग आम्ही उरलेला गडगा जुन्या, बंद पडलेल्या चिरेखाणीतल्या तुटक्या चिऱ्यांनी पुरा केला. ज्या खाणीपासून पाकट वाचवलं, तिच्याच कचऱ्याची त्याला भिंत, यावर पोरं बरीच हसली.

जून 2023. पाऊस पडला. मी दर चार दिवसांनी वर जात होतो. एरवी पहिल्या सरींनंतर सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. मातीत कांदा असतो. कोकणातल्या या कातळांखेरीज ती फारशी कुठे होत नाही. गडग्याच्या आत मोजून अकरा फुलं आली. बाहेर वरच्या अंगाला पाणी तुंबून छोटं तळंच झालेलं. ऑगस्टमध्ये गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा दरवर्षी पाकटाच्या खालच्या बाजूला पसरतो. या सीतेच्या आसवांना मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढे फुगे असतात आणि त्यात ती पाण्यातले जीव पकडून खाते. त्यांना वाहतं, पातळ पाणी लागतं. त्या वर्षी तिथे नुसतं गवत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाकटाच्या रेषा चिखलाने भरल्या होत्या.

हे मला आधी समजेचना. भिंत घातली, गुरं नाहीत, माणसं नाहीत, मग चिखल कुठून? लॉनच्या पाण्याचं विचारणाऱ्या त्याच आजी गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. त्या न थांबताच म्हणाल्या, “पाण्याची वाट अडवलास. रांगोळी धुवायचा कोण आता?”

सड्याला उतार अगदी थोडा आहे, डोळ्याला दिसत नाही. वरून येणारं पाणी दर पावसात पाकटावरून सरकत जायचं आणि खोबणीतली माती घेऊन जायचं. इतकी शतकं हे चालू होतं, मी ते एका उन्हाळ्यात बंद केलं.

मग एका जोरदार पावसाच्या सकाळी मी, ती मुलगी आणि चुलत भाऊ असे तिघे वर गेलो. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, हातात भाताच्या तुसाची पिशवी. गडग्याच्या वरच्या अंगाला मूठभर तूस पाण्यावर सोडायचं आणि ते कुठे जातं ते बघत चालायचं. काही मुठी गडग्याला चिकटून गोल फिरत राहिल्या. भावाने तिथला एक चिरा उपसला. तूस क्षणभर थांबलं, मग रांग धरून आत शिरलं, पाकटाच्या पंखावरून वळलं आणि शेपटीच्या खोबणीतून एखाद्या मुंग्यांच्या रांगेसारखं खाली निघून गेलं. आम्ही तिघेही काही बोललो नाही, पाऊसच इतका होता. अशा नऊ जागा सापडल्या. नऊ ठिकाणी मोऱ्या सोडल्या, खालून वीतभर. गडगा रचणारे आजोबा म्हणाले, “हे मी पहिल्या दिवशी सांगणार होतो, पण तुम्ही सायबासारखं बोलत होता.”

पुढच्या वर्षी दीपकाडी मोजायची गरज पडली नाही.

रंगाचं प्रकरण थोडक्यात. आमच्यातल्याच एका पोराने फोटो उठून यावा म्हणून शेपटीच्या खोबणीत पांढरा ऑइलपेंट भरला. रांगोळीची पूड असती तर पावसाने नेली असती. पुरातत्त्व विभागाची माणसं मोजमापाला आली होती तेव्हाच बजावून गेली होती : तारेचा ब्रश नको, रसायन नको, हाताने माती काढा आणि हिराच्या झाडूने हलकं झाडा. त्यामुळे तो रंग खरवडता येईना. तो आहे अजून, हातभर लांब. पोरगा आता दर रविवारी येणाऱ्यांना तोच दाखवून सांगतो, काय करू नये ते.

बघायला यायची वेळ सकाळी 9 च्या आत किंवा दुपारी 4 नंतर. हा नियम सूर्याने घातलाय. ऊन तिरपं असलं तरच खोबणीत सावली पडते आणि पाकट दिसतं. भर दुपारी आलात तर तुम्हाला नुसता तापलेला कातळ दिसेल आणि तुम्ही आम्हाला शिव्या घालाल. चपला काढून चाला असा फलक आधी लावला होता, तो एप्रिलमध्ये आम्हीच काढला. बांधलंय ते एवढंच : गडग्याबाहेर चार पायऱ्यांचा चिऱ्यांचा चौथरा, वरून बघायला. पावती 10 रुपये. बचत गटाच्या बायका कोकम सरबत देतात, शेड नसताना.

चौथऱ्याची राखण चुलत भाऊ करतो. एप्रिल 2025 मध्ये त्याने फोन केला, “वरती येऊ नका कोणाला घेऊन. टिटवी बसलीय.” चौथऱ्याच्या तिसऱ्या पायरीवर चार अंडी, टोकं आत वळवलेली, रंग असा की पाय पडला असता. त्याने पुठ्ठ्यावर लिहून लावलं : ‘टिटवी बसली आहे. खालून बघा.’ जवळजवळ महिनाभर लोकांनी खालून बघितलं. एक मुंबईकर कुटुंब चिडलं आणि दहा रुपये परत मागून घेतले. पावती रद्द कशी करायची ते मी भावाला शिकवलं.

टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जोराचा, असं आमच्याकडे म्हणतात. तिसऱ्या पायरीला उंच म्हणायचं की नाही यावर आमचा वाद झाला. शेवटी त्याने मला मे महिन्याच्या मध्यावरच मोऱ्या साफ करायला लावल्या. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच उतरला. पिल्लं चारच दिवस आधी गेली होती. नऊपैकी आठ मोऱ्या वाहिल्या. नवव्या मोरीत खेकड्याने बीळ केलं होतं, ती तशीच ठेवली.