तुम्ही विचारलेत म्हणून : सांगोवांगीवर इतिहास कसा लिहायचा?

पुण्याला गेले की हा प्रश्न हमखास येतो, आणि इकडे दक्षिण कॅरोलायनात भेटणारी मराठी मंडळीही तोच विचारतात. अमेरिकेत तर प्रत्येक गोष्टीचा कागद असतो. मग चार्ल्सटनच्या आसपासच्या वृद्धांच्या घरी जाऊन, टेप लावून, त्यांच्या आठवणी तुम्ही कशासाठी गोळा करता, आणि त्या सांगोवांगीवर विश्वास तरी कसा ठेवता? याचे उत्तर चहा निवेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून आजवर मी विषय बदलत आले. आता लिहूनच टाकते.

प्रत्येक गोष्टीचा कागद असतो, हे मुळात खरे नाही. ज्या कुटुंबांकडे मी जाते, त्यांचे पूर्वज या किनाऱ्यावरच्या भाताच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबले. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यांत मालकाचे नाव ठळक असते आणि त्याखाली नुसती वये, लिंग आणि वर्ण. माणसांची नावे जवळजवळ कुठेच नाहीत. ती पहिल्यांदा सरसकट दिसतात १८७० साली, पण त्या वर्षी घरातील माणसांचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते विचारलेच गेले नव्हते; तो रकाना आला १८८० मध्ये. १८९० चे बहुतेक सगळे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत जळाले किंवा भिजून खराब झाले, आणि उरलेले पुढे सरकारनेच मोडीत काढले. दक्षिण कॅरोलायना राज्यात जन्ममृत्यूची सार्वत्रिक नोंद सुरू झाली ती १९१५ पासून. म्हणजे १८८१ साली जन्मलेले मूल जनगणनेच्या कागदावर आपल्याला प्रथम भेटते ते १९०० साली, एकोणीस वर्षांचे होऊन.

अशा ठिकाणी माणसे काळ कसा मोजतात, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. पानशेत फुटले त्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात, कोयनेच्या भूकंपानंतर सहा महिन्यांनी, अशीच आपल्या आजी-आजोबांची पंचांगे होती. इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘तारे पडले ते वर्ष’ येते, म्हणजे नोव्हेंबर १८३३ चा उल्कावर्षाव. तसाच ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्रीचा चार्ल्सटनचा भूकंप. त्या भूकंपानंतर शहरातील हजारो लोक कित्येक दिवस चौकांत आणि बागांत तंबू ठोकून राहिले होते. जुन्या इमारतींच्या भिंती आवळून धरण्यासाठी बसवलेल्या लोखंडी सळयांची टोके आजही बाहेरून दिसतात.

ज्या नव्वदीच्या बाईंकडे मी गेली तीन वर्षे जाते आहे, त्यांचे आजोबा याच तंबूंपैकी एकात जन्मले, असे त्यांच्या घरात सांगतात. बाईंनी कपाटातून घरचे बायबल काढून दाखवले. त्यात जन्माची तारीख ४ सप्टेंबर १८८६ अशी स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. मला फार आनंद झाला आणि तो दहा मिनिटे टिकला, कारण मुखपृष्ठामागचे पान उलटल्यावर छपाईचे वर्ष निघाले १९११. मग नीट पाहिले, तर जुन्या पिढीच्या साऱ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत केलेल्या. त्या एखाद्या जुन्या वहीवरून उतरवल्या असतील, स्मरणाने लिहिल्या असतील, किंवा १९३५ नंतर सरकारी निवृत्तिवेतनासाठी वयाचा पुरावा लागू लागला तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवल्या असतील. (पहिलीच्या प्रवेशासाठी जूनमध्ये जन्मलेल्या आपल्याकडच्या हजारो मुलांची आठवण मला तिथेच झाली.) १९०० च्या जनगणनेत त्याच मुलाचा जन्म मार्च १८८७ असा नोंदवलेला आहे, पण ही माहिती गणनाकाराला कोणी दिली, आईने की शेजारणीने, ते त्या कागदावरून कळत नाही, कारण उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे खूण करण्याची पद्धत १९४० साली आली. मृत्यूच्या दाखल्यावर १८८५ आहे, आणि माहिती देणारा म्हणून सही जावयाची.

तेव्हा कागद म्हणजेही कोणीतरी कोणालातरी सांगितलेली गोष्टच असते, फक्त ती लवकर लिहून ठेवलेली असते. जन्माचा दिवस मी ठरवू शकले नाही. तंबू मात्र मी खरा मानते. तो सरकारी नव्हता, बोटीच्या जुन्या शिडाचा होता, असे बाई सांगतात, आणि एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या शिडाच्या कापडाबद्दल खोटे सांगून कोणाचाही काही फायदा होत नाही. तारखेचे तसे नसते. तारखेवर पैसे मिळतात.

बायबलपेक्षाही मला अंत्यविधीच्या छापील पत्रिका अधिक भरवशाच्या वाटतात. कृष्णवर्णीय चर्चमध्ये मृताचे छोटे चरित्र, आईवडील, भावंडे, जन्मगाव असे सर्व छापून वाटतात, आणि पुष्कळदा ते मोठ्याने वाचलेही जाते. चूक झाली, तर पुढच्या बाकावरील म्हातारी आत्या ऐकून घेत नाही. बाईंच्या खणात अशा शंभरेक पत्रिका रबरबँडने बांधून ठेवलेल्या आहेत.

सर्वात अधिक शिकवले ते मात्र एका जुन्या मुलाखतीने, नव्हे, दोन मुलाखतींनी. १९३६ ते १९३८ या मंदीच्या वर्षांत सरकारच्या एका लेखक-प्रकल्पाने सतरा राज्यांतून पूर्वी गुलाम असलेल्यांची २३०० हून अधिक कथने टिपून घेतली. ती आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. १९३७ साली चार्ल्सटनमध्येच सुझन हॅमलिन या शंभरी ओलांडलेल्या बाईंकडे जेसी बटलर नावाच्या गोऱ्या बाई गेल्या. आपल्याला मदत देणाऱ्या कचेरीतूनच कोणी आले आहे, असा सुझनचा समज झाला, आणि तो आपण दूर केला नाही, हे बटलर यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांना सुझनने सांगितले की मालक भला माणूस होता. ऑगस्टस लॅडसन हे कृष्णवर्णीय मुलाखतकार गेले, तेव्हा त्याच सुझनने फटक्यांविषयी सांगितले, आईबापांपासून तोडून विकलेल्या मुलांचा आक्रोश सांगितला, आणि रात्री लग्न लागून सकाळी विकल्या गेलेल्या नवरीची हकीकत सांगितली. यावरून म्हातारीची स्मृती बेभरवशाची होती असे अनुमान काढणारे लोक मला भेटले आहेत. माझ्या मते तिची स्मृती उत्तम होती आणि व्यवहारज्ञान त्याहून उत्तम. मदत बंद होण्याची भीती असताना समोरच्या बाईंना काय ऐकायला आवडेल, हे तिला नेमके ठाऊक होते.

हे वाचल्यापासून मी प्रत्येक टेपच्या आरंभी स्वतःविषयी दोन वाक्ये बोलते : मी कोण, कोणाच्या ओळखीने आले, आणि खोलीत आणखी कोण बसले आहे.

आता जमिनीविषयी, कारण या भागात वंशावळ हा हौसेचा विषय नाही. गुलामगिरी संपल्यावर अनेक कुटुंबांनी थोडी थोडी जमीन विकत घेतली. मृत्युपत्र कोणी केले नाही. सातबाऱ्यावर पणजोबांचेच नाव आणि खाली चाळीस वारस, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. इथेही तेच आहे. कोणा दूरच्या वारसाचा हिस्सा एखादा बिल्डर विकत घेई आणि न्यायालयाकडून सगळ्या जमिनीची विक्री करवून घेई. २०१६ साली राज्याने कायदा केला, त्यामुळे विक्री मागणाऱ्याचा हिस्सा प्रथम विकत घेण्याची संधी आता इतर वारसांना मिळते. परंतु वारस कोण, हे आधी सिद्ध करावे लागते, आणि तिथे बायबल, पत्रिका आणि आठवण यांना एकदम वजन येते. इथे आठवणीवरच जमीन ठरते, म्हणून फायद्याबद्दल मी वर जे म्हटले, ते इथे उलटे लागू होते.

बाईंनी मला पहिल्या वर्षी सांगितले होते की आजोबांना दोन मुलगे होते. मागच्या वर्षी मी प्रश्न विचारणे थांबवले आणि त्यांच्या भाचीला विचारू दिले. तासाभराने तिसऱ्या मुलाचे नाव निघाले. तो दुसऱ्या घरातला होता, तरुणपणीच फिलाडेल्फियाला गेला आणि परतला नाही. त्याच्या नावाची एक पत्रिकाही त्या रबरबँडमध्ये होती, मीच शंभरदा वरवर चाळलेली.

मुलाखतीनंतर संमतिपत्रावर सही घेताना त्या टेपच्या नोंदीपुढे बाईंनी अट लिहिली, की माझ्या हयातीत ही कोणी ऐकायची नाही. भाचीला ते मान्य नव्हते. दोघी माझ्यासमोर बराच वेळ वाद घालत राहिल्या, आणि तो वाद ध्वनिमुद्रित करावा की नाही हे न सुचल्यामुळे मी यंत्र बंद केले.