शाफ्ट आडवा नको, उभा लटकवा

भोसरीत भट्टीवर उभं राहून मला २२ वर्षं झाली. ईएन १९ या मिश्र पोलादाचे लांब शाफ्ट कडक करायला ८६० अंशांवरून तेलात आडवे सोडले की माझा जीव अजूनही खालीवर होतो. खालची बाजू आधी तेलात जाते. ती आधी आकसते, मग मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक रचना, होताना फुगते. वरची बाजू मागे राहते. याच ओढाताणीत शाफ्ट वाकतो. पाण्यात तर तडाच जातो.

म्हणून आम्ही फिक्श्चर, म्हणजे टांगायचा सांगाडा, करून शाफ्ट उभे लटकवतो, दोन शाफ्टमध्ये मोकळी जागा सोडतो आणि तेल साधारण ६० अंशांवर ठेवून ढवळत राहतो. नाहीतर गरम शाफ्टभोवती तेलाच्या वाफेचा पापुद्रा कुठे टिकतो, कुठे फुटतो आणि शाफ्ट सारखा थंड होत नाही. परवा असा शाफ्ट व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही-खाचेच्या ठोकळ्यांवर, फिरवून बाक मोजायला डायल लावला, काटा जेमतेम हलला. पोरांनो, प्रेसवर शाफ्ट सरळ करण्यापेक्षा हे करा.