तुम्ही विचारलंत म्हणून: गोवेकरांना पोर्तुगीजांचा राग कसा नाही?

गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीवर मी व्याख्यानं देतो. पुणे असो की सांगली, प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो: "एवढी देवळं पाडली, इन्क्विझिशन (धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) आणलं, तरी गोवेकरांना त्यांचा राग कसा नाही?" सुरात थोडी तक्रारच असते.

मी उलट विचारतो, कुठल्या तालुक्यातला गोवेकर? 'साडेचारशे वर्षं' हे इतकं कानावर पडलंय की सगळा गोवा एकाच दिवशी त्यांच्या ताब्यात गेला असं वाटतं. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं तिसवाडी घेतली, 1543 मध्ये बार्देश आणि सासष्टी आली. देवळं पाडली ती इथली, 1560 पासून इन्क्विझिशनचा जाच सोसला तोही मुख्यतः इथल्याच लोकांनी. या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख. आणि राग नव्हता कसा? 1583 मध्ये सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावच्या लोकांनी जेझुइट पंथाचे पाच पाद्री मारले. पुढे बोलणीच्या नावाखाली असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांच्या गावप्रमुखांची कत्तल झाली.

फोंडा मात्र पोर्तुगीजांना मिळाला 1763 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. तोवर धोरण पार बदललं होतं. देवळांना आणि रीतिरिवाजांना हात लावणार नाही, अशी हमीच नव्या काबिजादींतल्या लोकांना दिली गेली. म्हणजे पेडणेकराच्या वाट्याला आलेले पोर्तुगीज निराळेच. अर्थात तिथंही सगळं आलबेल नव्हतं, सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याची बंडं आहेतच.

मग मी कवळ्याच्या शांतादुर्गेचा फोटो दाखवतो. ही देवी मूळची सासष्टीतल्या केळशीची. मूर्तिभंजनाच्या धास्तीनं भक्तांनी तिला झुआरी नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, फोंड्यात नेलं. आजचं देऊळ 1738 च्या सुमाराचं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं. फोंड्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल नव्हता, कुणाची सक्ती नव्हती. तरी गाभाऱ्यावर कोनदार बुरूज आणि त्यावर घुमट, भिंतींत अर्धगोल कमानींच्या खिडक्या, आत झुंबरं. नुसत्या खिडक्यांचा फोटो दाखवला तर अर्धं सभागृह चर्च म्हणेल. चर्चच्या कामावर हात बसलेले गवंडीच इथंही असावेत. ज्यांच्या भीतीनं देवी हलवली त्यांचीच धाटणी तिच्या घराला चालली, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही! मला तर हे देऊळ कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगतं.

राहिला पोर्तुगीज पासपोर्ट. त्याचा दाखला तर मला दर वेळी ऐकवला जातो. 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून तो मिळवता येतो. त्यासाठी धडपडणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत तसे हिंदूही आहेत. आता यात पोर्तुगीजांवरचं प्रेम शोधायचं असेल तर शोधा बापडे. युरोपात कामाला जाता येतं, एवढं कारण मला पुरतं.