बंदरातल्या पायलटचा परवाना मिळवताना

जहाजावर मास्टर, म्हणजे कप्तान, म्हणून काम केलेल्या माणसाला बंदराचा पायलट, म्हणजे जहाजांना बंदरात आत-बाहेर वाट दाखवणारा, व्हायला फक्त अर्ज करावा लागतो, असा अनेकांचा समज असतो. तसं अजिबात नाही. देशोदेशी नियम वेगळे, पण बऱ्याच ठिकाणी आधार धरतात तो आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पायलटांच्या प्रशिक्षण आणि परवान्याबद्दलच्या २००३ सालच्या ए.९६० या ठरावाचा. ठराव शिफारशीचा आहे. परवाना आणि त्याच्या अटी स्थानिक प्राधिकरणाच्या हातात.

वैद्यकीय तपासणी लवकर उरकली. वेळ गेला तो बंदर पाठ करण्यात. अनुभवी पायलटसोबत दिवसा, रात्री, भरतीला, ओहोटीला फेऱ्या केल्या. परीक्षेत कोरा कागद पुढ्यात आला आणि चॅनल (जहाजांची ठरलेली वाट), खोली, बोये, दिवे, खडक सगळं आठवणीतून काढायचं होतं. हा आग्रह मला मनापासून पटतो. उथळ, अरुंद चॅनलमध्ये वेग वाढला की जहाज पाण्यात आणखी खाली बसतं. तळाखाली आधीच थोडं पाणी असतं, तेही घटतं. त्या क्षणी नकाशात डोकं घालायला सवड नसते.

तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त खोदून विचारलं ते जबाबदारीबद्दल. पायलट ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागी, असला तरी मास्टर आणि वॉचवरचा (त्या वेळी पाळीवर असलेला) अधिकारी आपल्या कर्तव्यातून सुटत नाहीत, असं खलाशांच्या प्रशिक्षण आणि पाळीबद्दलच्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम सांगतात. (पनामा कालवा हा ठळक अपवाद, तिथे जहाजाचं नियंत्रण पायलटकडे जातं.) म्हणून चढल्यावर आधी मास्टरशी बोलणं: ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय), इंजिन, टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) कुठे बांधायचे, मार्ग कोणता. घाई कितीही असो, हे बोलणं मी आखडतं घेत नाही.

जहाज धोकादायक वाटलं तर पायलटला नकार देता येतो. कारण मात्र लगेच प्राधिकरणाला कळवावं लागतं. शिडीबद्दल तर मी फार कडक आहे. चढाई नऊ मीटरपेक्षा जास्त असेल, तर सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार पायलट लॅडरला (पायलट चढतो त्या दोरशिडीला) जहाजाचा तिरका जिना जोडून द्यावा लागतो. या शिड्यांवर पायलटांचे जीव गेले आहेत.

माझा पहिला परवाना ठरावीक लांबी आणि ड्राफ्टपर्यंतच्या जहाजांपुरताच होता. मोठ्या जहाजांसाठी पुन्हा सोबतीच्या फेऱ्या, पुन्हा परीक्षा. ठरावानुसार जास्तीत जास्त पाच वर्षांनी पात्रता नव्याने दाखवावी लागते, आणि मध्ये बराच काळ काम थांबलं तर परतल्यावर बंदराची ओळख पुन्हा करून घ्यावी लागते.