तिकीट आणि पैसा

आज सीबीएस बसस्थानकाजवळ एका तरुण कार्यकर्त्याशी बोलणं झालं. प्रभागात पाण्यासाठी कायम धावपळ करणारा पोरगा. म्हणाला, "काका, तिकीट मागायला गेलो, तर पहिला प्रश्न खर्च किती करशील हाच!" दिवसभर तेच डोक्यात आहे.

विधानसभेला उमेदवाराच्या खर्चावर 40 लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चावर मात्र कसलीच नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्याची सोय, रद्द केले तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण 20 हजारांपर्यंतच्या देणगीदारांची नावं आजही जाहीर करावी लागत नाहीत. केंद्रीय माहिती आयोगाने 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार लागू केला, पक्षांनी जुमानलं नाही. का? हिशेब आपल्यापासून लपवायचा कशाला? आणि उमेदवार निवडताना पक्षाच्या साध्या सभासदाला मत का नसावं?