थांबली की गरम, चालली की गार

एप्रिल संपता संपता गाडीच्या एसीने मान टाकली. आमची नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. घर कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे रोज घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. काच खाली करावी तर शेजारच्या ट्रकचा धूर, वर करावी तर भट्टी.

आधी घरच्या घरी जमेल ते केलं. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे केबिन फिल्टर असतो. ओढून काढला तर घड्याघड्यांत काळा कीस, सुकी पानं आणि एक मेलेलं झुरळ. इतके दिवस आपण ही हवा खात होतो, असं मनात येऊन कसंतरीच झालं. नवा फिल्टर बसवला. हवा दुप्पट जोरात येऊ लागली. गरमच.

मग घराजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. बॉनेट उघडायच्या आतच निदान तयार: "साहेब, गॅस संपलाय." सिलिंडर लावला, गॅस भरला, १,८०० रुपये घेतले. बिलावर नुसतं 'एसी गॅस फुल'. किती ग्रॅम, पत्ता नाही. रात्री आठला मोकळ्या सर्व्हिस रोडवर चक्कर मारली, गार हवा आली, मी खूश. गाडीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो फिरत असतो आणि कमी झालाच तर कुठेतरी गळती असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नाहीतर निदान "गळती कुठे आहे?" एवढं तरी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी कापूरबावडीला पुन्हा भट्टी.

त्या रविवारी वाशीला साखरपुडा होता. आई मागच्या सीटवर, जरीची साडी नेसून. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली नेहमीप्रमाणे अडकलो. आई रुमालाने वारा घेत म्हणाली, "मघाशी गाडी पळत होती तेव्हा गार होतं. आता थांबलीस तर गरम. मागच्या घरी फ्रिज भिंतीला चिकटवला होता तेव्हा असंच झालं होतं, आठवतं? जाळीला वारा लागत नव्हता."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढे दिघ्याच्या पलीकडे रस्ता मोकळा झाला आणि पाच मिनिटांत हवा गार! मग तीन दिवस मुद्दाम लक्ष ठेवलं. घोडबंदरच्या रांगेत गरम, बेलापूर रोडला गार. दर वेळी.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून एसी लावला आणि बॉनेट उघडलं. 'टक' असा आवाज, इंजिन किंचित दबलं, सावरलं. म्हणजे कॉम्प्रेसर, एसीचा गॅस दाबणारा पंप, पकडत होता. रेडिएटरच्या मागे दोन पंखे. त्यातला एसीबरोबर फिरायला हवा तो ढिम्म उभा. दुसरा इंजिन तापलं की आपलं काम करत होता, म्हणून टेम्परेचरचा काटा जागेवर आणि मी बेफिकीर. (तिथे हात घालू नका. बंद दिसणारा पंखा मध्येच फिरू शकतो.)

इंजिन बंद केलं. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) कशाचा, त्याचा नकाशा असतो. पंख्याचा रिले आणि हॉर्नचा रिले एकाच नंबरचे निघाले, म्हणून अदलाबदल केली. फ्यूजही शाबूत होता. पंख्याच्या रिलेवर हॉर्न ठणठणीत वाजला, हॉर्नच्या रिलेवर पंखा काही हलेना. रिले सुटला, संशय मोटरवर.

शनिवारी तुर्भ्याला एका एसीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मला बोलू दिलं, हे पहिलं वेगळेपण. मग गॅसचा दाब मोजणारे निळा आणि लाल असे दोन गेज लावले. लाल काटा तीनशे पीएसआय ओलांडून वर निघाला. "गॅस कमी? अहो, उलट जास्त कोंबलाय." एक मग पाणी घेतलं आणि समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरच्या पुढच्या एसीच्या जाळीवर, हळूहळू ओतलं. वाफ आली, लाल काटा सरसर खाली आला आणि आत बसलेल्या मला चेहऱ्यावर गार हवा लागली. मी बघतच राहिलो. गरम गॅसने तिथे आपली उष्णता बाहेर टाकून द्रव व्हायचं असतं. गाडी पळत असली की वारा ते करून घेतो, उभी असली की पंखा. पंखाच बंद म्हटल्यावर दाब चढत जातो, गारवा उतरतो आणि फारच चढला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. वरून भरलेल्या गॅसने भरच घातली होती.

मग काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर दोन टोले दिले. पंखा फिरला! अर्ध्या मिनिटाने पुन्हा थांबला. "कार्बन गेले."

मोटर बदलली. मशीन लावून सगळा गॅस काढला, अर्धा तास व्हॅक्यूम करून नळ्यांतली हवा ओढून घेतली आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ३८० ग्रॅम वजन करून भरले. सगळे मिळून ४,७०० रुपये. भर दुपारी, उभ्या गाडीत, डॅशबोर्डच्या हवेच्या जाळीत थर्मामीटर खोचून दाखवला: ११ अंश.

जुनी मोटर मागून घेतली. घरी उघडून पाहिली तर कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे काळे तुकडे, झिजून नखाएवढे उरलेले. आईला दाखवली, म्हटलं, तुझी फ्रिजची जाळी बरोबर होती. तिने मोटर हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"भंगारवाल्याला देताना आतली तांब्याची तार आधी काढ. तिचे वेगळे पैसे मिळतात."