तुम्ही विचारलंत म्हणून: नॉर्वे सोडून ही माणसं इथे कशाला आली?

उन्हाळ्यात पुण्याहून कुणी आमच्याकडे मिनेसोटात राहायला आलं की दोन-तीन दिवसांत हा प्रश्न येतोच. जिकडेतिकडे ओल्सन, लार्सन, हॅन्सन. फुटबॉल संघाचं नाव वायकिंग्ज. मग पाहुणे विचारतात, "अहो, नॉर्वेसारखा श्रीमंत, देखणा देश सोडून ही माणसं या मुलखात कशाला आली?" जेवताना माझं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

श्रीमंती अलीकडची. उत्तर समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला तो १९६९ साली. १८२५मध्ये स्टाव्हांगरहून 'रेस्टोरेशन' नावाचं छोटं शिडाचं जहाज पन्नासेक माणसं घेऊन न्यूयॉर्ककडे निघालं, तेव्हा नॉर्वे शेतकऱ्यांचा आणि कोळ्यांचा गरीब देश होता. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त माणसं अमेरिकेला गेली. १८०१ साली अख्ख्या देशाची लोकसंख्याच नऊ लाखांच्या आत होती, यावरून काय ते समजा.

देखणेपणाचं म्हणाल, तर फोटोत छान दिसणाऱ्या त्या कड्यांवर पीक येत नाही. देशातली जेमतेम तीन टक्के जमीन कसण्याजोगी. एकोणिसाव्या शतकात देवीची लस आली, बटाटा रुजला, युद्धं थांबली. पोरं जगू लागली आणि जमीन होती तेवढीच राहिली. आपल्याकडे अशा वेळी वाटण्या होतात, बांधावरून भावाभावांची कोर्टकचेरी होते. तिथे शेत सहसा अखंडच थोरल्याकडे जायचं. धाकट्यांच्या वाट्याला पुष्कळदा 'हुसमान' होणं यायचं: दुसऱ्याच्या शेताच्या कडेला खोपटं, बटाटे लावण्यापुरता तुकडा आणि त्याच्या बदल्यात मालकाकडे राबणं.

म्हणून 'ते नवं आयुष्य शोधायला आले' हे नेहमीचं वाक्य मला पटत नाही. त्यांना बापाचंच आयुष्य हवं होतं, स्वतःच्या शेतावरचं. ते गावात मिळेना. इथे आल्यावरही एका खोऱ्यातल्या माणसांनी शक्यतो एकमेकांच्या शेजारीच जमीन धरली. चर्चमध्ये प्रार्थना कित्येक वर्षं नॉर्वेजियनमधून चालायच्या. आयोवातल्या डेकोरा गावचं 'डेकोरा-पोस्टेन' हे नॉर्वेजियन वर्तमानपत्र १८७४ ते १९७२ निघत होतं. खाचांच्या लाटण्याने लाटलेली त्यांची बटाट्याची लेफ्से लोणी-साखर लावून गुंडाळतात, अगदी आपल्या तूप-साखर पोळीसारखी. क्षारात भिजवून थुलथुलीत केलेल्या माशाबद्दल, म्हणजे लुटेफिस्कबद्दल, मी काही बोलत नाही. शेजार टिकवायचा आहे.

इथवर पाहुणे खूश असतात. पण ही जमीन रिकामी नव्हती. डाकोटा या इथल्या मूळ रहिवासी लोकांकडून ती १८५१च्या करारांनी घेतली होती. १८६२च्या मे महिन्यात होमस्टेड कायदा झाला: पाच वर्षं राहून कसा, १६० एकर तुमचे. त्याच उन्हाळ्यात कराराचे पैसे थकले, डाकोटा उपाशी होते आणि ऑगस्टमध्ये त्यांचं गोऱ्यांशी युद्ध पेटलं.

विल्मार गावाजवळ गुरी एंड्रेसन या बाईचं लाकडी घर अजून उभं आहे. ती नॉर्वेतल्या हार्डांगरकडची. त्या युद्धात तिचा नवरा लार्स आणि मुलगा एंड्रे यांना घराशीच मारलं गेलं. धाकट्या मुलीला घेऊन ती तळघरात लपली म्हणून वाचली. दुसरा मुलगा जखमी झाला. दोन मुलींना धरून नेलं होतं, त्या निसटून आल्या. गुरीने बैल जुंपले, वाटेत भेटलेल्या जखमी शेजाऱ्यांच्या पट्ट्या बांधल्या, त्यांनाही गाडीत घातलं आणि फॉरेस्ट सिटी गाठली. डिसेंबरात मँकाटोला ३८ डाकोटांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. पुढच्या वर्षी डाकोटांना राज्याबाहेर काढलं.

गुरी पुढे त्याच जागी परतली. १८६६ साली तिने नॉर्वेला आईला आणि नातलगांना पत्र लिहिलं. जीव आणि भान दोन्ही शाबूत राहिलं म्हणून देवाचे आभार मानले आणि त्याच पत्रात लेकीला सरकारी कायद्याने जमीन मिळाल्याचंही कळवलं, फी किती, किती वर्षांनी नावावर होते, या तपशिलासकट. कुणी या बाईला वीरांगना म्हणतं. मला ती त्या तपशिलात जास्त ओळखीची वाटते.

यापुढचा प्रश्न हमखास एखाद्या काकांचा: "मग परत कुणीच गेलं नाही?" गेले की. सुरुवातीला कुटुंबंच्या कुटुंबं यायची, ती सहसा परतली नाहीत. १८८०नंतर एकटे तरुण कमाईसाठी येऊ लागले आणि त्या काळात आलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा माघारी गेला. दक्षिण नॉर्वेतल्या लिस्ता, क्विनेस्डाल भागात अशी घरं पुष्कळ. परतलेल्यांतल्या काहींनी डॉलर मोजून आपल्याच मुलखात शेत घेतलं.